एक फोन, साठ मुलं: वर्गात ऑनलाइन साधनं बसवण्याचं एक वर्ष

जून २०२४ ते एप्रिल २०२५ या शैक्षणिक वर्षात आमच्या शाळेत पाचवी ते दहावीच्या वर्गांत काही ऑनलाइन साधनं रोजच्या वापरात आली. शाळा अमळनेर-पारोळा पट्ट्यातली, अनुदानित, मराठी माध्यमाची. संगणक कक्षातली निम्मी यंत्रं चालू, एक टीव्ही, एक लॅपटॉप आणि शिक्षकांचे स्वतःचे फोन, एवढीच सामग्री. इतक्यावर काय जमतं, कुठे अडतं, पैसे आणि दिवस कशात जातात, हे ज्यांना येत्या जूनमध्ये हेच काम अंगावर घ्यायचंय त्यांच्यासाठी क्रमाने लिहितोय.

जून: आधी कागदाची चिठ्ठी

१५ जूनला शाळा उघडली. कुठलंही ॲप उघडण्याआधी पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाकडे चार प्रश्नांची चिठ्ठी दिली. घरात टचस्क्रीन फोन आहे का? तो कुणाचा? संध्याकाळी सात ते नऊ तो घरी असतो का? त्यात रोजचा डेटा असतो का?

नुसतं ‘घरी फोन आहे का’ विचारलं तर जवळजवळ सगळे हो म्हणतात, आणि त्या उत्तराचा काही उपयोग होत नाही. फोन वडिलांचा असतो आणि वडील सुरतला कामाला असतात. किंवा फोन गावातच असतो, पण शेतीची लाइन रात्रपाळीला असली की पाणी भरायला जाणाऱ्याबरोबर तोही शेतात जातो. मोठा भाऊ अकरावीला असेल तर फोन त्याचा. चौथ्या प्रश्नाने आणखी काही घरं गळतात, कारण महिन्याच्या शेवटी रिचार्ज संपलेलं असतं. आमच्याकडे पहिल्या प्रश्नाला बहुतेकांचं ‘हो’ होतं, चारही प्रश्नांना ‘हो’ म्हणणारी मुलं निम्म्याहूनही कमी.

साधनं याच चिठ्ठीवरून निवडली. ज्याला फक्त शिक्षकाचा फोन लागतो ते आधी. जे एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं ते त्यानंतर. ज्याला प्रत्येक मुलाच्या हातात फोन लागतो ते सर्वांत शेवटी, आणि तेही गृहपाठापुरतं. साधनांच्या याद्या नेटवर ढिगाने मिळतात, पण बहुतेक याद्या प्रत्येक मुलाकडे टॅब असतो असं धरून केलेल्या असतात. कहूत हा ऑनलाइन प्रश्नमंजुषेचा खेळ त्याचं नेहमीचं उदाहरण. खेळ मजेदार आहे, पण तिथे वेगाला गुण आहेत. ज्याचं नेट मंद, तो उत्तर येत असूनही मागे पडतो. आमच्या पट्ट्यात तो गणिताचा खेळ न राहता टॉवरच्या अंतराचा खेळ होतो.

जून-जुलै: शाळेची स्वतःची खाती

चिठ्ठ्या गोळा होत होत्या तेव्हाच शाळेच्या नावाने गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन, म्हणजे शाळेला स्वतःची गूगल खाती देता येतात ती सेवा, घ्यायचं काम सुरू केलं. याचा ‘फंडामेंटल्स’ हा प्रकार मान्यताप्राप्त शाळांना फुकट आहे. तो घ्यायचं कारण साधं. तेरा वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं साधं गूगल खातं काढता येत नाही, ते पालकाच्या देखरेखीखालीच काढावं लागतं. म्हणजे पाचवी-सहावीची मुलं वडिलांच्या किंवा काकांच्या खात्यातून उत्तरं पाठवतात आणि निकालात भलतीच नावं दिसतात. शाळेने दिलेल्या खात्याला ही अडचण येत नाही.

पहिली पायरी डोमेनची, म्हणजे शाळेच्या नावाच्या इंटरनेट पत्त्याची. एड्यू.इन हे डोमेन अर्नेट इंडियाकडून मिळतं. त्याला शाळेच्या लेटरहेडवर अर्ज आणि मान्यतेची कागदपत्रं लागतात. घाई नसेल तर तेच घ्यावं, संस्थेला शोभतं. आम्ही साधं .इन घेतलं, पहिल्या वर्षाचे साधारण ₹७००. नूतनीकरणाला बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षापेक्षा जास्त पैसे पडतात, म्हणून घेतानाच पुढच्या वर्षाचा दरही बघून ठेवा. डोमेन कुणा शिक्षकाच्या खासगी ईमेलवर नोंदवू नका. त्या शिक्षकाची बदली झाली, ते निवृत्त झाले, की नूतनीकरणाची सूचना त्यांच्याकडेच जात राहते. मुख्याध्यापक पदाच्या नावाने एक ईमेल काढा, त्याचा पासवर्ड बंद पाकिटात कार्यालयाच्या कपाटात ठेवा.

अर्जात शाळेचं नाव भरताना मान्यतेच्या कागदावर जे आहे तेच, अक्षरन् अक्षर भरायचं. गावात शाळेला ‘न्यू हायस्कूल’ म्हणत असतील आणि कागदावर संस्थेच्या संस्थापकांचं नाव असेल, तर कागदावरचंच. आम्ही गूगल साइट्सवर दोन पानांचं साधं संकेतस्थळ आधी तयार ठेवलं: नाव, पत्ता, इयत्ता, ११ अंकी युडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, जळगाव जिल्ह्याचा २७०३ ने सुरू होतो) आणि शाळेच्या इमारतीचा फोटो. तपासणाऱ्याला शाळा खरीच आहे हे दिसायला त्याची मदत होते.

मग डोमेनच्या मालकीची पडताळणी. ॲडमिन कन्सोल, म्हणजे सगळी खाती सांभाळायचं वर्कस्पेसचं पान, एक लांबलचक मजकूर देतं. तो डोमेन विकणाऱ्याच्या पानावर डीएनएस विभागात ‘टीएक्सटी’ रेकॉर्ड म्हणून टाकायचा असतो. हमखास अडतं ते ‘होस्ट’ नावाच्या चौकटीत. तिथे फक्त ‘ॲट’चं चिन्ह टाकायचं. पूर्ण डोमेन लिहिलं तर बऱ्याच ठिकाणी ते दोनदा जोडलं जातं आणि पडताळणी होत नाही. मजकूर चिकटवताना शेवटी रिकामी जागा राहिली तरी तेच. बरोबर टाकलेलं असलं तरी दिसायला काही मिनिटांपासून दोन दिवसांपर्यंत लागू शकतात. तेवढ्यात घाईने पुसून पुन्हा टाकू नये.

पडताळणी झाली म्हणजे मंजुरी मिळाली असं नाही. ‘शैक्षणिक संस्था’ म्हणून मंजुरी यायला आम्हाला साधारण दोन आठवडे लागले. मधे एकदा मान्यतेचा कागद मागितला. तो मराठीत होता, म्हणून सोबत लेटरहेडवर त्याचा इंग्रजी अनुवाद मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह जोडला. या दोन आठवड्यांत जीव टांगणीला लागतो, कारण ‘विचाराधीन’ यापलीकडे काही कळत नाही. तो वेळ मुलांची यादी तयार करण्यात घालवावा.

या यादीवर जरा थांबतो, कारण पुढचं सगळं वर्ष तिच्यावर उभं असतं. ॲडमिन कन्सोलमधून रिकामी सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल मिळते. तिच्यात नाव, आडनाव, ईमेल, पासवर्ड आणि गट असे मुख्य रकाने भरायचे. ईमेलचा पत्ता इंग्रजी अक्षरांत लागतो, नाव मात्र मराठीत चालतं. पत्त्यात हजेरी क्रमांक घेऊ नका, तो दरवर्षी बदलतो. जनरल रजिस्टरचा क्रमांक घ्या. तो मुलाचा शाळेतल्या पहिल्या दिवसापासून दाखला निघेपर्यंत एकच राहतो, आणि कुणाचं खातं कुणाचं हे कार्यालयात एका नजरेत सापडतं. क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर शीटमधला तो रकाना आधी ‘साधा मजकूर’ करून घ्या, नाहीतर पुढचं शून्य उडतं.

गट दोनच केले: शिक्षक आणि विद्यार्थी. शाळांच्या खात्यांत सगळ्यांनाच १८ वर्षांखालचं धरलेलं असतं, त्यामुळे शिक्षकांच्या गटाला वयाच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘१८ आणि वरचे’ केलं नाही तर शिक्षकांनाच यूट्यूब आणि इतर काही सेवा अर्धवट दिसतात. विद्यार्थ्यांसाठी जीमेल बंद ठेवलं. त्यांना ईमेलची गरज नव्हती, शिवाय त्यामुळे मेल सर्व्हरची मांडणी करायचा त्रास वाचला. मुख्य ॲडमिन दोन नेमले आणि दोघांनाही दुहेरी पडताळणी लावली. एकाचा फोन हरवला तर दुसऱ्याने दार उघडायचं.

पालकांची संमती कागदावर, सहीने घेतली. ऑगस्ट २०२३ मध्ये झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. शाळांना त्यातून काही सवलत असली तरी सहीचा कागद फाइलला असलेला बरा. संमतीपत्र एक पान, सोप्या मराठीत: कोणती माहिती देतो (नाव, इयत्ता, रजिस्टर क्रमांक), कोणती देत नाही (आधार, फोटो, पत्ता), आणि खातं केव्हा बंद होईल. पालकसभेत ते वाचून दाखवलं. काही घरी ते अहिराणीत समजावून सांगितल्यावरच सही झाली, आणि तसंच व्हायला हवं.

जुलै-ऑगस्ट: गूगल फॉर्म्स

फॉर्म्स सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे प्राथमिक गोष्टी सोडतो. गुण आपोआप मोजायला सेटिंगमध्ये ‘क्विझ’ चालू करायचं, एवढंच. खरे खोडे मराठीत लिहिताना पडतात.

पहिला खोडा अंकांचा. लघुउत्तराच्या प्रश्नात उत्तर ‘१२’ असं देवनागरीत ठेवलं आणि मुलाने इंग्रजी अंकांत बारा लिहिले, तर फॉर्म ते चूक धरतो. त्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी अक्षरं आहेत. उपाय: उत्तरसूचीत दोन्ही रूपं टाकायची, एका प्रश्नाला एकाहून जास्त बरोबर उत्तरं ठेवता येतात. शब्दांचंही तेच. ‘ऊर्जा’ आणि ‘उर्जा’ यांत फॉर्म दयामाया दाखवत नाही. भाषेच्या चाचणीत हे योग्यच, पण विज्ञानात मुलाला ऊर्जा कळली की नाही ते बघायचं असतं. म्हणून विज्ञान-भूगोलाला बहुपर्यायी प्रश्न, आणि लिहून घ्यायचं ते वहीत.

दुसरा खोडा नावांचा. नाव लिहायची मोकळी चौकट दिली की एकाच मुलाची तीन नावं तयार होतात: पूर्ण, लाडकं आणि इंग्रजी. नाव लिहायलाच लावू नये. हजेरी क्रमांकाची ड्रॉपडाउन यादी द्यावी. शाळेच्या खात्यातून उत्तर येत असेल तर ईमेल आपोआप घ्यायची सोय आहे, मग यादीचीही गरज नाही.

तिसरा, अपूर्णांक आणि घातांकांचा. फॉर्ममध्ये गणिती मांडणी नीट लिहिता येत नाही. डॉक्समध्ये समीकरण लिहून त्याचं चित्र काढून प्रश्नात घालतो. चित्र लहान ठेवावं, मोठी चित्रं टू-जी पकडणाऱ्या फोनवर गोल फिरत राहतात.

‘एकच प्रतिसाद’ ही सेटिंग चालू केली की लॉगिन मागितलं जातं, आणि पालकाच्या फोनवर शाळेचं खातं जोडलेलं नसेल तर मूल तिथेच थांबतं. फाइल जोडायच्या प्रश्नालाही तेच. वहीचा फोटो हवा असेल तर फॉर्मपेक्षा वर्गाचा व्हॉट्सॲप गट परवडतो. गूगल क्लासरूम (गृहपाठ देण्या-घेण्याचं साधन) आम्ही नववी-दहावीपुरतं ठेवलं. फॉर्मचे गुण एका बटणावर तिथे घेता येतात, शिक्षकाचा वेळ वाचतो, पण खालच्या वर्गांना त्याच्या पायऱ्या जास्त होतात.

सप्टेंबर: प्लिकर्स

वर्षभरात सगळ्यांत जास्त वापरलेलं साधन हे. मुलांच्या हातात फोन नको, टॅब नको. प्रत्येक मुलाकडे छापलेलं एक कार्ड असतं. त्यावर काळा चौकोनी ठसा, प्रत्येक मुलाचा वेगळा. कार्डाच्या चार बाजूंवर बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. मूल ज्या उत्तराचं अक्षर वरच्या बाजूला धरेल ते त्याचं उत्तर. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कुणी काय उत्तर दिलं ते नावासकट पडद्यावर येतं. ठसे वेगवेगळे असल्यामुळे आणि अक्षर बारीक असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून धरता येत नाही.

कार्डं फुकट उतरवून घेता येतात. नेहमीचा संच ४० कार्डांचा, एका पानावर दोन, म्हणजे २० पानं. मोठा संच ६३ कार्डांचा. आमच्या आठवीच्या पटाला तोच लागला. ६३ च्या वर पट असेल तर वर्गाचे दोन गट करून दोन वेळा विचारावं लागतं. पानाला तीन रुपये धरले तर मोठा संच शंभर रुपयांच्या आत छापून होतो.

छापताना आणि कापताना काळजी घ्यायची. ठसा गडद काळा हवा. टोनर संपत आलेल्या प्रिंटरवर तो राखाडी येतो आणि कॅमेरा ओळखत नाही. ठशाभोवतीची पांढरी कड कापून टाकू नये, ओळख पटायला ती लागते. चकचकीत लॅमिनेशन तर अजिबात नको. आमच्या वर्गांना पूर्वेला मोठ्या खिडक्या आहेत, उजेड कार्डावर चमकतो आणि अर्धी कार्डं दिसेनाशी होतात. टिकाऊपणासाठी जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा मागे चिकटवला. आमच्याकडे उन्हाळ्यानंतर पत्रिकांना तोटा नसतो, आणि पंख्याच्या वाऱ्यात कार्ड वाकत नाही.

खात्यात वर्ग तयार करताना नावं हजेरीपटाच्या क्रमाने, एका ओळीत एक, चिकटवावीत आणि कार्डक्रमांक हजेरी क्रमांकाशी जुळतात का ते तपासावं. हे जुळलं तर कार्डं वाटायला मिनिटभर पुरतं. वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलाला पुढचा रिकामा क्रमांक द्यावा, मधे घुसवू नये.

वर्गात काय बिघडतं? मुलं कार्ड मधोमध धरतात आणि अंगठा ठशावर येतो. खालच्या कोपऱ्यांत धरायला शिकवावं लागतं. उत्साहात कार्ड हलवतात, ते नाही चालत. पाठीमागे खिडकी असलेल्या ओळीतली कार्डं अंधारी दिसतात, तिथे शिक्षकानेच जागा बदलून बाजूने कॅमेरा धरायचा. शेवटच्या बाकापर्यंत एका जागेवरून पोचत नसेल तर दोन पावलं पुढे जावं, झूम करू नये. पाचवीची मुलं हात वर धरून ‘सर, मन्हं कार्ड दिसनं का?’ असं विचारत राहतात. टीव्हीवर लाइव्ह पान लावलं की ज्याचं कार्ड वाचलं गेलं त्याच्या नावासमोर खूण येते आणि विचारणं बंद होतं. उत्तरांचा आलेख मात्र सगळ्यांचं वाचून होईपर्यंत झाकून ठेवायचा. दिसला की मुलं कार्ड फिरवतात.

फुकटच्या खात्यात एका संचात पाचच प्रश्न बसतात. तक्रार करण्यासारखी ही मर्यादा नाही. तासाच्या सुरुवातीला पाच प्रश्न पुरेसे होतात, पाच-सात मिनिटांत आटोपतं.

पण या साधनाची खरी ताकद चुकीच्या पर्यायांत आहे. प्रत्येक चुकीचा पर्याय एका ठरावीक गैरसमजावर बेतलेला असला पाहिजे. उदाहरणार्थ, ‘०.४, ०.३५, ०.२९९ आणि ०.१८ यांत सर्वांत मोठी संख्या कोणती?’ जे ०.२९९ धरतात ते दशांशचिन्हानंतरचे आकडे पूर्ण संख्येसारखे वाचतात, २९९ मोठे म्हणून. त्यांना पुन्हा ‘दशांश म्हणजे काय’ सांगून उपयोग नाही, रिकाम्या घरांत शून्य भरून ०.४०० आणि ०.२९९ शेजारी लिहायला लावावं लागतं. ३/४ + १/२ ला ४/६ निवडणाऱ्यांनी वर वर आणि खाली खाली बेरीज केलेली असते. आलेखात एखाद्या चुकीच्या पर्यायावर तिसरा हिस्सा वर्ग दिसला की पुढच्या तासात काय शिकवायचं ते तिथेच ठरतं. हात वर करायला सांगून हे कळत नाही, कारण हात हुशार पोराकडे बघून वर जातात.

क्विझिझ या प्रश्नमंजुषेच्या साधनानेही छापील कार्डांवर चालणारा असाच प्रकार काढला आहे. २०२५ मध्ये त्या साधनाचं नाव वेग्राउंड झालं, जुन्या नावाने शोधणाऱ्यांनी गोंधळू नये. तयार प्रश्नांचा साठा तिथे मोठा आहे, मराठीत कमी.

ऑक्टोबर: नेटशिवाय चालणारं

टीव्हीच्या खोलीत नेट कधी येतं, कधी नाही. म्हणून आधीच उतरवून ठेवता येतं तेवढंच तिथे वापरायचं ठरवलं.

विज्ञान आणि गणिताला फेट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. पडद्यावर विद्युत मंडल जोडता येतं, अपूर्णांक कापता येतात, पदार्थाच्या अवस्था कणांच्या रूपात दिसतात. अशा बऱ्याच प्रतिकृतींचा (सिम्युलेशन्सचा) मराठी अनुवाद आहे. प्रत्येक प्रतिकृती एकाच एचटीएमएल फाइलमध्ये उतरवता येते आणि नंतर नेटशिवाय चालते. मराठी फाइलच्या नावात शेवटी ‘एमआर’ अशी खूण असते, ती बघून घ्यावी. पेन ड्राइव्ह सरळ टीव्हीला लावली तर टीव्ही ही फाइल उघडेलच असं नाही, म्हणून लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल. फोनवर उघडायची असेल तर ‘कशाने उघडू’ असं विचारल्यावर क्रोम निवडायचं. फोनमधल्या साध्या फाइल-दर्शकात पान कोरं दिसतं.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी दीक्षा ॲप. ५ सप्टेंबर २०१७ पासून ते चालू आहे. कोड फाटलेला किंवा पुसट असेल तर त्याखालची सहा अक्षरं हाताने भरली तरी तोच धडा उघडतो. जुनी पुस्तकं पुढच्या मुलांकडे जातात त्या शाळांत याचा फार उपयोग होतो. व्हिडिओ घरून वायफायवर उतरवून आणावेत. आणि आधी स्वतः पूर्ण बघावेत: काही सुरेख आहेत, काहींत पुस्तकातलाच मजकूर कुणीतरी वाचून दाखवतंय, त्यासाठी टीव्ही लावायची गरज नाही.

पाचवीच्या वाचनाला प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, पीडीएफ उतरवून छापायला किंवा टीव्हीवर दाखवायला परवानगीच्या भानगडी नाहीत, फक्त लेखक-चित्रकारांची नावं काढू नयेत. घरी अहिराणी बोलणारी मुलं पहिल्या पातळीच्या गोष्टी चित्रं बघून आधी अहिराणीत सांगतात, मग मराठी मजकूर वाचतात. या क्रमाने वाचन अडखळत नाही, उलट केलं तर अडखळतं.

याच महिन्यात गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा १ ऑक्टोबरपासून फक्त बघण्यापुरता उरला आणि ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला. त्यावर पानंच्या पानं भरून ठेवणाऱ्या शिक्षकांची धावपळ झाली. फुकटचं साधन कधीही आवरतं घेतलं जाऊ शकतं. म्हणून प्रश्नपेढी शीटमध्ये किंवा साध्या डॉक्समध्ये ठेवायची आणि तिथून साधनात न्यायची.

दिवाळीनंतर

दिवाळीची सुट्टी, मग २० नोव्हेंबरचं विधानसभेचं मतदान आणि त्याआधीची निवडणूक प्रशिक्षणं. त्यात कापूस वेचणीचे दिवस. या काळात पट पूर्ण भरत नाही, हे खानदेशातल्या शिक्षकाला सांगायला नको. नवीन साधन सुरू करायला हा काळ वाईट, पण मागे पडलेल्यांना पकडायला बरा. प्लिकर्सच्या नोंदींतून कोणत्या मुलाचे कोणते घटक बुडाले ते नावानिशी मिळतं. त्या घटकांचे पाच-पाच प्रश्नांचे फॉर्म करून, ज्यांच्या घरी संध्याकाळी फोन असतो त्यांना दुवा पाठवला. बाकीच्यांना तेच प्रश्न छापून दिले. फॉर्म छापता येतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

जानेवारी: जुने पेपर आणि निकालपत्रक

शाळेत वर्षानुवर्षांचे पेपर होते, काही नुसते कागद, काही श्रीलिपी या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. श्रीलिपीतला मजकूर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. त्यावर सोपा मार्ग: पानाचा स्वच्छ फोटो किंवा पीडीएफ ड्राइव्हवर चढवायची आणि ‘गूगल डॉक्समध्ये उघडा’ म्हणायचं. चित्राखाली युनिकोड मराठी मजकूर मिळतो. फाइल दोन एमबीच्या आत आणि पान सरळ असावं, तिरकं नाही. नंतर वाचून घ्यावंच लागतं. अनुस्वार गळतात, ‘ऱ्य’ बिघडतो, रकान्यांचा क्रम उलटसुलट होतो, आणि जोड्या लावा तर पुन्हाच टाइप करावं. तरीही निम्म्याहून जास्त श्रम वाचतात. उरलेलं डॉक्समधल्या आवाजी टंकलेखनाने. त्यासाठी संगणकावर क्रोमसारखा ब्राउझर हवा, भाषा मराठी निवडलेली हवी आणि खोलीत पंखा बंद हवा.

आकारिक मूल्यमापनाच्या (वर्षभर चालणाऱ्या) नोंदी शीटमध्ये घेतल्या. ‘काउंटइफ’ने कोणत्या श्रेणीत किती मुलं ते निघतं, अटीनुसार रंग लावला की ३५ टक्क्यांखालचे आकडे आपोआप लाल होतात. यात अवघड काही नाही. गंमत एवढीच की देवनागरीत टाइप केलेले गुण शीटला आकडे वाटत नाहीत आणि सरासरी निघत नाही. गुण इंग्रजी अंकांतच भरायचे. आणि नवीन शीट केली की सेटिंगमध्ये वेळक्षेत्र भारताचं आहे का ते बघा, नाहीतर रात्री आठला आलेला गृहपाठ सकाळी आल्यासारखा दिसतो.

फेब्रुवारी ते एप्रिल

२१ फेब्रुवारीला दहावीची परीक्षा सुरू झाली. केंद्र असल्याने खोल्या गेल्या, टीव्हीही कुलपात. या काळात फोन आणि कार्डं एवढंच चाललं. मार्चपासून सकाळची शाळा. त्या वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या, आणि एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत फोनचा कॅमेरा सतत चालू ठेवला की फोन तापून कॅमेरा बंद करतो. जाड कव्हर काढावं, चार्जिंगला लावून कार्डं वाचू नयेत, आणि पाच प्रश्न पहिल्याच तासाला उरकावेत.

खर्च सगळा मिळून दोन हजारांच्या आत राहिला: डोमेन, कार्डांची छपाई तीन वर्गांची, एचडीएमआय केबल, ३२ जीबीची पेन ड्राइव्ह, संमतीपत्रांच्या झेरॉक्स. सादिलवार, म्हणजे किरकोळ, खर्चातून तो बसला. डोमेनची पावती ऑनलाइन आणि इंग्रजीत येते, लेखापरीक्षणासाठी तिची छापील प्रत काढून मागे कारण मराठीत लिहून ठेवावं. मोबाइल डेटा मात्र ज्याचा त्याने घातला, त्याला कुठल्याच शीर्षाखाली जागा नाही.

वर्ष संपताना करायची कामं वेगळी असतात. दहावीच्या मुलांची खाती दाखला निघाल्यावर लगेच पुसू नका. आधी ‘स्थगित’ करा, कारण पुसलेलं खातं थोड्याच दिवसांपर्यंत परत आणता येतं आणि जुलैत एखादं मूल त्याची विज्ञानाची फाइल मागायला येतं. निकालाच्या शीट एक्सेल रूपात उतरवून कार्यालयाच्या संगणकावर ठेवा. प्लिकर्समधले जुने वर्ग संग्रहात टाका, नव्या वर्गात कार्डं तीच चालतात, फक्त नावं बदलायची. पाचवीचे नवे प्रवेश जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत होत राहतात, त्यामुळे त्यांची सीएसव्ही दोन तुकड्यांत चढवावी. आणि डोमेन संपायची तारीख मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर महिनाभर आधीच लाल पेनने लिहून ठेवावी. ते गेलं तर शाळेच्या सगळ्या खात्यांवर त्याचा परिणाम होतो, आणि तेव्हा सहावीच्या नव्या वर्गशिक्षकाला काय झालं ते कळायला मार्ग राहत नाही.